‘शेड्यूल’ बदलले म्हणजे नेमके काय बदलले?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

काही दिवसांपूर्वी आमच्या वसाहतीच्या फलकावर एक सूचना लागली होती : ‘गुरुवारचे पाणीपुरवठ्याचे शेड्यूल रीशेड्यूल करण्यात आले आहे, नागरिकांनी सहकार्य करावे.’ आमच्याकडे पाणी दिवसाआड, संध्याकाळी येते. सूचना वाचून कोणी समजले की पाणी रात्री उशिरा येईल, कोणी समजले की गुरुवारऐवजी शुक्रवारी येईल, आणि शेजारच्या आजींची खात्री पटली की ही पाळी चुकलीच. प्रत्यक्षात पाणी गुरुवारी पहाटे पाच वाजताच येऊन गेले आणि निम्म्या घरांच्या टाक्या शनिवारपर्यंत कोरड्या राहिल्या. ‘गुरुवारी पाणी संध्याकाळऐवजी पहाटे पाच वाजता येईल’ एवढे एक वाक्य लिहिले असते, तर कोणालाही शेजाऱ्याकडे हंडा घेऊन जावे लागले नसते. सूचना लिहिणाऱ्याचा हेतू वाईट होता असे मला मुळीच वाटत नाही. त्याच्या हाताशी एक शब्द होता आणि तो सगळ्याच अर्थांना चालतो अशी त्याची समजूत होती. तीच समजूत आता वृत्तपत्रांच्या मथळ्यांतही दिसू लागली आहे, म्हणून हे पत्र.

सुरुवातीलाच स्पष्ट करतो की, शब्द परका आहे म्हणून तो हाकलावा, असे माझे म्हणणे नाही. ‘तारीख’ आणि ‘मुदत’ हे शब्द अरबीतून आले आणि मराठीत मुरले. सावरकरांनी ‘दिनांक’ रूढ केला, तो अर्जांवर आणि शासकीय पत्रांवर छान बसला. पण न्यायालयाच्या पायऱ्या उतरणारा माणूस आजही ‘तारीख पडली’ असेच म्हणतो, ‘दिनांक पडला’ असे म्हणत नाही. दोन्ही शब्द राहिले आणि दोघांनी आपापली जागा वाटून घेतली. ‘टाइमटेबल’ शाळेत आणि रेल्वेत पिढ्यान्‌पिढ्या बोलले जाते, त्याने कोणाचा घोटाळा होत नाही. ‘शेड्यूल’बद्दल तक्रार आहे ती वेगळ्या कारणासाठी : मराठीने ज्या गोष्टी निरनिराळ्या शब्दांनी वेगळ्या ठेवल्या होत्या, त्या हा शब्द एकाच पोत्यात भरतो.

‘वेळ’ या शब्दाचीच गंमत पाहावी. तो मराठीत दोन लिंगांनी चालतो आणि लिंगाबरोबर अर्थ बदलतो. ‘जेवणाची वेळ झाली’ म्हणजे ठरलेला क्षण आला. ‘जेवायला वेळ झाला’ म्हणजे तो क्षण टळून गेला. ‘थोड्या वेळाने येतो’ आणि ‘वेळेवर येतो’ यांतला फरक आपण लहान मुलालाही शिकवत नाही, तो त्याला आपोआप येतो. स्त्रीलिंगी ‘वेळ’ हा घड्याळावरचा एक ठरलेला बिंदू असतो आणि पुल्लिंगी ‘वेळ’ हा सरत जाणारा अवधी असतो. बिंदू मोजता येतात, म्हणून ‘गाड्यांच्या वेळा’ असे अनेकवचन होते. ‘वेळापत्रक’ हा शब्द मी याच अर्थाने समजतो : ठरलेल्या वेळांचा कागद. त्यात किती वाजता काय होणार एवढेच असते. कोणत्या कामाला किती अवधी द्यावा, हा विचार त्याच्या आधीचा असतो आणि त्याला आपण ‘आखणी’ किंवा ‘नियोजन’ म्हणतो. विद्यार्थ्याला ‘अभ्यासाचे वेळापत्रक कर’ असे सांगणे आणि ‘अभ्यासाचे नियोजन कर’ असे सांगणे ही दोन निराळी कामे आहेत. पहिले काम पट्टी-पेन्सिलीने अर्ध्या तासात होते. दुसऱ्यासाठी कोणता विषय कच्चा आहे हे आधी प्रामाणिकपणे मान्य करावे लागते.

‘शेड्यूल’ या इंग्रजी शब्दाचे मूळही कागदाच्या चिठ्ठीतच आहे. लॅटिनमधला तो शब्द म्हणजे कागदाचा लहानसा तुकडा. पुढे दस्तऐवजाला जोडलेली यादी, आणि मग वेळांची यादी असा त्याचा प्रवास झाला. म्हणून इंग्रजीत राज्यघटनेच्या शेवटी जोडलेली यादी आणि रेल्वेचे वेळापत्रक या दोहोंना एकच शब्द चालतो. मराठीने ही दोन कामे वेगळी केली : घटनेला, कायद्याला किंवा आदेशाला जोडलेली ती ‘अनुसूची’, आणि म्हणून ‘अनुसूचित जाती’, ‘अनुसूचित जमाती’, ‘अनुसूचित बँक’, गाड्यांचे ते ‘वेळापत्रक’. एवढी स्वच्छ वाटणी आयती हाती असताना ती मोडण्याचे कारण मला दिसत नाही.

मी तीस वर्षे शाळेत मराठी शिकवले आणि त्यांतील बरीच वर्षे जूनमध्ये शाळेचे वेळापत्रक बसवण्याचे काम माझ्याकडे असे. हो, शिक्षक ‘वेळापत्रक बसवतात’, कारण ते खरोखरच ठोकून-ठाकून बसवावे लागते. एकाच शिक्षकाच्या दोन वर्गांवर एकाच वेळी तासिका पडता कामा नये, विज्ञानाच्या प्रात्यक्षिकाला जोडतास हवा, गणित शक्यतो मधल्या सुट्टीच्या आधी यावे, शनिवारची शाळा सकाळची असल्याने त्या दिवशीच्या तासिका लहान होतात, आणि हे सगळे जमले की कोणीतरी रजेवर जाते व ‘बदली तास’ लावावा लागतो. या कामाचा प्रत्येक खाचखळगा दाखवणारा शब्द शिक्षकांच्या खोलीत होता. आज अनेक शाळांच्या पालकांना येणाऱ्या संदेशांत या सगळ्याला मिळून ‘न्यू शेड्यूल’ म्हणतात आणि पालकाला फक्त एवढे कळते की काहीतरी बदलले आहे.

प्रत्येक क्षेत्राने असा आपला शब्द घडवला आहे. निवडणुकीचे वेळापत्रक जाहीर होत नाही, ‘निवडणूक कार्यक्रम’ जाहीर होतो, कारण त्यात अधिसूचनेपासून मतमोजणीपर्यंत टप्पे असतात. सभेची ‘विषयपत्रिका’ असते. घरातल्या म्हाताऱ्या माणसाचा ‘दिनक्रम’ असतो आणि तो बिघडला की त्याची तब्येत बिघडते. सुट्टीचा ‘बेत’ असतो, आणि या शब्दात जो उत्साह आहे, ज्यामुळे तो जेवणालाही लागतो, तो दुसऱ्या कोणत्याही शब्दात नाही. कारखान्यात ‘पाळी’ असते. १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली. त्यानंतर गावोगावी एसटी पोहोचली तसा ‘मुक्कामी गाडी’ हा शब्दही रुळला. संध्याकाळी येऊन गावातच रात्र काढणारी आणि सकाळी पहिली सुटणारी गाडी : दोन शब्दांत दोन्ही वेळा सांगून झाल्या.

पण मला सर्वांत मोलाचे वाटतात ते कालव्यावरचे शब्द. धरणातून हंगामात ठरावीक वेळा पाणी सोडतात, त्या प्रत्येक वेळेला ‘आवर्तन’ म्हणतात. शेतकरी नमुना क्रमांक ७ चा अर्ज भरून पाण्याची मागणी करतो, आणि मंजुरीनंतर कोणाच्या शेताला कोणत्या दिवशी पाणी मिळणार याचा जो क्रम लागतो, ती ‘शेजपाळी’. कालव्याच्या टोकाच्या शेतकऱ्याला आधी पाणी द्यायचे आणि मग वर सरकत यायचे, ही शेजपाळीची मूळ रीत, कारण वरच्याने आधी घेतले तर टोकाला काही उरत नाही. म्हणजे या एका शब्दात वेळ आहे, क्रम आहे आणि न्यायही आहे. त्याच्या जागी ‘पाण्याचे शेड्यूल’ असे छापले की न्यायाची बाजू वाचकाच्या नजरेआड होते, आणि पाळी डावलली गेलेल्या शेतकऱ्याची तक्रार नुसती उशिराची तक्रार वाटू लागते.

हिंदीतून येणाऱ्या ‘समय सारणी’बद्दल थोडक्यात लिहितो. हिंदीत तो शब्द योग्यच आहे. मराठीत मात्र ‘सारणी’ आपण गणितात आणि विज्ञानात वापरतो, आणि ‘वेळापत्रक’ सर्वांना माहीत आहे; तेव्हा महाराष्ट्रातल्या मराठी फलकांवर त्याची गरज नाही.

खरी अडचण ‘रीशेड्यूल’ची आहे. परीक्षा ‘पुढे ढकलली’ आणि परीक्षा ‘अलीकडे आणली’ या एकमेकांच्या उलट गोष्टी आहेत. सभा ‘तहकूब’ झाली म्हणजे ती पुन्हा भरणार आहे. ‘रद्द’ झाली म्हणजे भरणार नाही. ‘लांबणीवर पडली’ म्हणजे कधी भरेल हे ठरलेले नाही. कर्जाच्या हप्त्यांची ‘फेरआखणी’ होते, तिचा यांपैकी कशाशीही संबंध नाही. या सर्वांना एक शब्द वापरणाऱ्या बातमीने वाचकाला सर्वांत आवश्यक माहितीच दिलेली नसते, आणि परीक्षार्थी असेल तर त्याची ती चूक वर्षभराची ठरू शकते.

आपल्या उपसंपादकांना माझी विनंती एवढीच आहे की, मथळ्यात ‘शेड्यूल बदलले’ असे लिहिण्याआधी दिवस बदलला, वेळ बदलली, क्रम बदलला की पाळीच गेली, हे बातमीदाराला विचारून घ्यावे आणि तसे लिहावे. आणि जिल्हा आवृत्तीत रब्बीच्या आवर्तनाची बातमी येईल तेव्हा बातमीदाराने लिहून पाठवलेला ‘शेजपाळी’ हा शब्द शहरातल्या वाचकाला कळणार नाही म्हणून काढून टाकू नये. त्याचा अर्थ कंसात एका ओळीत द्यावा.

आपला,
एक निवृत्त मराठी शिक्षक, सातारा