सात दुखणी, अर्थ मात्र एकच?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतले इंग्रजी शब्दांचे सदर मी नियमाने वाचते. गेल्या वेळी त्यात मनातून न जाणाऱ्या दुःखांसाठी आणि न सुटणाऱ्या अडचणींसाठी सात शब्द दिले होते: नॅगिंग, नॉइंग (gnawing, कुरतडणारे), रँकल, फेस्टर, लिंगर, हॉन्ट आणि क्रॉनिक. सातही शब्दांपुढे थोड्याफार फरकाने एकच अर्थ छापला होता, ‘दीर्घकाळ त्रास देणारे’. मी 31 वर्षे शाळेत इंग्रजी शिकवले आहे. अशा अर्थांनी काय होते ते मी जवळून पाहिले आहे, म्हणून लिहिते.

नववीतल्या एका मुलीने एकदा आपल्या वारलेल्या आजोबांवर निबंध लिहिला होता. फार मनापासून लिहिलेला. शेवटच्या ओळीत तिने त्यांच्या ‘फेस्टरिंग मेमरीज’ आपल्या मनात आहेत असे म्हटले होते. तिच्याकडच्या शब्दार्थाच्या पुस्तकात ‘फेस्टर’ म्हणजे ‘मनात राहणे’ एवढेच दिले होते. मी लाल रेघ मारली, वर ‘लिंगरिंग’ लिहिले आणि पुढची वही घेतली. फेस्टर होते ते जखमेचे, तिच्यात पू होतो, हे मी तिला सांगितलेच नाही. लॅटिनमधला ‘फिस्टुला’ हा नळीचा आणि वाहत्या व्रणाचा शब्द जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत ‘फेस्टर’ होऊन आला. मराठीत त्याला नेमके क्रियापद आहे, चिघळणे. वेळेवर न पाहिलेली जखम चिघळते, न बोललेले भांडण चिघळते, सरकारने टाळलेला प्रश्न चिघळतो. ‘लिंगर’ मात्र ‘लाँग’च्या कुळातला. तो नुसता रेंगाळतो. त्यात दुखलेच पाहिजे असे नाही. सुगंधही रेंगाळतो, सूरही रेंगाळतो. आजोबांची आठवण रेंगाळते. तेवढे दोन मिनिटांचे काम मी केले नाही, याचे आजही मला मन खाते.

आणि बघा, या ‘मन खाते’ला इंग्रजीत अगदी जुळा शब्द आहे, रिमोर्स. लॅटिनमध्ये त्याच्या मुळाशी ‘पुन्हा चावणे’ आहे. आपल्याच हातून घडलेल्या चुकीने घेतलेला हा चावा. दुसऱ्याने केलेल्या अन्यायाबद्दल रिमोर्स होत नाही, जसे मराठीतही आपले मन दुसऱ्याच्या चुकीबद्दल आपल्याला खात नाही. दोन्ही भाषा एकमेकींना न विचारता इतक्या जवळ येतात आणि आपण मुलांना सांगतो, रिमोर्स म्हणजे ‘दुःख’.

माझ्या मनात हा विषय इतका का बसला, त्याला दुसरेही कारण आहे. चार वर्षांपूर्वी मला नागीण झाली. उजव्या बरगडीखालून पाठीपर्यंत. तीन आठवड्यांत खपल्या पडल्या, दुखणे राहिले. सुती कापड लागले तरी हुळहुळायचे. मधूनच चमक निघायची आणि बोलता बोलता वाक्य तुटायचे. पाचव्या महिन्यात डॉक्टरांनी कागदावर ‘क्रॉनिक पेन’ असे लिहिले. ते वाचून घरातल्यांचे चेहरे उतरले. यजमान तर रात्री झोपले नाहीत. क्रॉनिक म्हणजे हाताबाहेर गेलेले, असाध्य, असाच आपल्याकडे बहुतेकांचा समज आहे. त्या शब्दात ग्रीक ‘क्रोनोस’ आहे, म्हणजे काळ. दुखणे किती वेळ टिकले, एवढेच तो सांगतो. वेदनेच्या बाबतीत वैद्यकात साधारण तीन महिन्यांची रेघ धरतात; त्यापुढे टिकलेली किंवा परत परत येणारी वेदना क्रॉनिक. ती सौम्य असू शकते, असह्यही असू शकते. त्याच्या समोरचा शब्द ‘अक्यूट’, म्हणजे मुळात टोकदार. एक शब्द घड्याळ दाखवतो, दुसरा सुईचे टोक. आपल्या सदरात या फरकाची एक ओळ आली असती, तर एखाद्या घरातली तरी झोप वाचली असती.

पुढच्या भेटीत डॉक्टरांनी माझ्यापुढे इंग्रजी शब्दांची यादी ठेवली आणि लागू पडतील त्यांवर खुणा करायला सांगितल्या. मॅकगिल विद्यापीठातले रोनाल्ड मेलझॅक यांनी 1975 मध्ये प्रसिद्ध केलेली ती प्रश्नावली. त्यात वेदनेचे 78 शब्द 20 गटांत मांडले आहेत. मी ‘बर्निंग’, ‘शूटिंग’, ‘टेंडर’ आणि ‘नॅगिंग’वर खूण केली. डॉक्टरांनी समजावले की जळजळ आणि चमक असे वर्णन आले की दुखणे मज्जातंतूचे असल्याचा संशय बळावतो आणि नेहमीच्या वेदनाशामक गोळ्यांपेक्षा वेगळी औषधे द्यावी लागतात. म्हणजे शब्दावरून औषध बदलते! मी इंग्रजीची शिक्षिका म्हणून निभावले. ‘हुळहुळते’ एवढेच ज्या बाईला म्हणता येते, तिच्या पुढ्यात ही यादी आली तर? तिचा शब्द कमी नेमका नाही. माझ्या मते ‘टेंडर’पेक्षा तो अधिक नेमका आहे.

त्या दिवसांत वेळ भरपूर होता, म्हणून एकेका शब्दाचे मूळ पाहत बसले. ‘रँकल’पाशी आले आणि थांबले. त्याच्या मुळाशी लॅटिनमधला ‘द्राकुंकुलुस’ आहे, म्हणजे लहानसा सर्प. फोडाला ते नाव पडले, आणि पुढे इंग्रजीत तो शब्द मनात ठसठसणाऱ्या अपमानाला चिकटला. इकडे आपण अंगावरच्या फोडांना नागीण म्हणतो आणि मनात धरलेल्या रागाला डूख.

वीस-बावीस वर्षांपूर्वी एका वरिष्ठांनी भर वर्गात, मुलांसमोर, माझ्या उच्चारांवर एक शेरा मारला होता. त्याला मी रँकल म्हणेन. तो सलतो. ‘सल’ हा शब्दही ‘शल्य’मधून आलेला, आत राहिलेले बाणाचे टोक. हा शेरा मला नॅग करत नाही. नॅगिंगच्या मागे ‘कुरतडणे’ आहे असे मानतात. ते बारीक पण अखंड चालते, कडी लावली की नाही या शंकेसारखे. तो शेरा मला हॉन्टही करत नाही. हॉन्ट म्हणजे मूळ फ्रेंचमध्ये वारंवार येत-जात राहणे. भुते त्यात नंतर शिरली. मला हॉन्ट करते ती वेगळी गोष्ट. आई गेली त्या दुपारी मी परीक्षेच्या हॉलमध्ये पर्यवेक्षणावर होते. तो हॉल, पंख्याचा आवाज, दारात आलेला शिपाई हे सगळे कधीही, न बोलावता येते, काही वेळ थांबते आणि जाते. या तिन्हींना ‘दीर्घकाळ त्रास देणारे’ म्हटले, तर माझ्या आयुष्यातले तीन वेगळे प्रसंग एका पोत्यात भरल्यासारखे होतात.

‘वरी’ (worry) म्हणजे काळजी करणे, त्याचेही असेच. मुळात हा गळा आवळण्याचा शब्द, मग कुत्र्याने मेंढीचा गळा धरण्याचा. ब्रिटनच्या 1953च्या कायद्यात आजही कुत्र्याने गुराढोरांना ‘वरी’ करणे हा गुन्हा आहे. ‘अँग्झायटी’च्या लॅटिन मुळातही आवळणेच आहे. आपण ‘जीव गुदमरतो’ म्हणतो तो उगाच नव्हे.

बातम्यांतल्या शब्दांबद्दल थोडक्यात. ‘रिकरंट’ अडचण जाऊन परत येते, ‘परसिस्टंट’ जातच नाही. दोन्हींना ‘सततची’ म्हणू नये. ‘सिमरिंग’ असंतोष खदखदतो, ‘स्मोल्डरिंग’ धुमसतो. पहिल्यात आधण आहे, दुसऱ्यात ज्वाळा नसलेली आग.

सदर लिहिणाऱ्यांना माझी विनंती आहे. एका वेळी सात शब्द नकोत, दोनच द्या. प्रत्येकापुढे त्याचे स्वतःचे मराठी क्रियापद द्या आणि तो कोणाबरोबर नांदतो ते दाखवा: शंका कुरतडते, जखम चिघळते, अपमान सलतो, आठवण रेंगाळते. जागा पुरत नसेल तर उच्चार गाळले तरी चालतील, ते आता फोनवर ऐकता येतात. वाचकांनाही त्यांच्या घरातले शब्द कळवायला सांगा. हुळहुळणे, ठसठसणे, ठणकणे, चुटपुट, रुखरुख, हुरहूर हे शब्द मुलांच्या कानावर पडणे कमी होत चालले आहे. आधी ते कानात असतील, तरच इंग्रजीतला फरक त्यांना ऐकू येईल. सुरुवात ‘फेस्टर’ आणि ‘लिंगर’ या जोडीने व्हावी अशी माझी इच्छा आहे.

आपली,
एक निवृत्त इंग्रजी शिक्षिका