रेकॉर्डिंगच्या आधी जागा अडवायची सोय द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पेपरात पाणी, लाईट, पीकविमा यावर रोज पत्रं येतात, माझं पत्र हार्डडिस्कवर आहे, बसलं तर छापा. निलंगा तालुक्यात माझं शूटिंगचं काम आहे, लग्न, बारसं, सप्ताह, जे येईल ते.

चैत्रात एका गावात काल्याचं कीर्तन होतं, लॅपटॉपला लावलेल्या डिस्कवर थेट रेकॉर्डिंग चालू होतं. सुरू करताना 20 जीबी मोकळी होती, मी स्वतः बघितली. 8 मेगाबिटनं रेकॉर्ड केलं की सेकंदाला 1 एमबी, म्हणजे तासाला 3.6 जीबी, तीन तास धरले तरी 11 जीबीच्या आत, म्हणून मी निवांत. मधेच आमच्या पोऱ्यानं फोटोचं अख्खं कार्ड त्याच डिस्कवर ओतलं आणि बरोबर हंडी फुटायच्या टायमाला स्क्रीनवर डिस्क फुल. बरं शेवटचा तुकडाच गेला असता तर भागलं असतं, पण एमपी फोरमधी कुठली फ्रेम कुठं आहे याची यादी आमचा प्रोग्राम फाईल बंद करताना लिहितो, ती लिहायलाच जागा उरली नाही, म्हणून अडीच तासांची फाईल उघडंचना. गावकऱ्यांनी काय काय ऐकवलं ते पेपरात छापण्यासारखं नाही.

पोऱ्याला मी लई बोललो, नंतर वाटलं त्याचं काय चुकलं? डिस्कनं मोकळी जागा दोघांनाही दाखवली, दिली कुणालाच नाही.

आता गंमत अशी की जागा आधीच अडवून ठेवायची सोय ऑपरेटिंग सिस्टीममधी कवाच आलेली आहे. लिनक्समधी 2007 साली 2.6.23 कर्नलमधी (कर्नल म्हणजे सिस्टीमचा गाभा) फॅलोकेट नावाचा कॉल आला, म्हणजे प्रोग्रामनं सिस्टीमकडं जागा मागायचा अर्ज, एक्सएफएस आणि एक्सट-फोर या फाईल सिस्टीम, म्हणजे डिस्कवर फाईली मांडायच्या पद्धती, तो पाळतात, विंडोजच्या एनटीएफएसमधी जमतं, मॅकमधी पण वेगळ्या नावानं आहे. पण फाईलचा आकार नुसता वाढवणं वेगळं आणि जागा मिळणं वेगळं हे ध्यानात घ्या. सातबाऱ्यावर नाव लागलं म्हणजे ताबा मिळाला असं असतंय का? आकार 12 जीबी दिसतो, खाली एक ब्लॉक, म्हणजे डिस्कवरचा जागेचा तुकडा, मिळालेला नसतो, अशा फाईलला स्पार्स म्हणतात. फॅलोकेटमधी मात्र ब्लॉक खरोखर नावावर होतात, आणि त्यावर "अजून लिहिलेलं नाही" अशी खूण राहते, म्हणून कुणी वाचायला गेलं तर शून्य दिसतात, आधीच्या मालकाचं उभं पीक दिसत नाही. बारा जीबी शून्य लिहीत बसावं लागत नाही, काम क्षणात होतं. जागा सलग मिळायची शक्यता वाढते हा वरचा फायदा, फिरत्या डिस्कला तो बरा पडतो.

सगळीकडं हे जमतंय असं नाही. आपण पेनड्राईव्हला वापरतो त्या एफएटी 32 फाईल सिस्टीममधी ही खूण ठेवायला जागाच नाही, शिवाय एक फाईल 4 जीबीच्या वर जात नाही. लिनक्सच्या जुन्या एक्सट-थ्रीवर लायब्ररी (प्रोग्रामांनी वापरायचा तयार कोड) स्वतः ब्लॉक-ब्लॉक लिहीत बसते, चहा पिऊन या. झेडएफएससारख्या सिस्टीम प्रत्येक वेळी नव्या जागेवर लिहितात, तिथं अडवलेल्या जागेचा भरवसा नाही.

रेकॉर्डिंगचे प्रोग्राम बनवणाऱ्यांना माझं म्हणणं एवढंच की ही सोय कमांडमधी कशाला लपवायली? रेकॉर्ड बटण दाबताना "किती तास?" एवढं विचारा, तेवढी जागा अडवा, नसेल तर तिथंच नाही म्हणा, आणि काम संपल्यावर उरलेली सोडून द्या. कुणी म्हणेल दुसऱ्याची कॉपी अडेल, अडू द्या की! फोटो कार्डात तसेच राहतात, दुपारी परत कॉपी करता येतात, हंडी दुपारी परत फुटत नाही.

सध्या मी जुगाड करतो. कार्यक्रमाच्या आधी विंडोजच्या एफएसयूटिल कमांडनं डिस्कवर 5 जीबीची रिकामी फाईल बनवून ठेवतो, जागा संपायला आली की ती उडवायची, तेवढ्यात रेकॉर्डिंग नीट बंद करता येतं. फाईलचं नाव "रुमाल" ठेवलंय. पोऱ्याला सांगितलंय, एसटीतल्या सीटवरच्या रुमालासारखं समज, मला विचारल्याशिवाय उचलायचा नाही.

आपला वाचक,
एक शूटिंगवाला, ता. निलंगा, जि. लातूर