पाच जागा, सात वाक्ये

मा. संपादक,

सोलापुरात बारावीचा इंग्रजी उतारा म्हणजे प्रश्नातला शब्द शोधून ती ओळ उतरवणे, असाच सराव चालतो. चीनच्या ‘गाओकाओ’ या विद्यापीठ प्रवेशपरीक्षेतला एक प्रश्न इथे उचलण्याजोगा आहे. उताऱ्यात 5 रिकाम्या जागा, खाली 7 वाक्ये; त्यांतली 5 योग्य जागी बसवायची, 2 फसवी. सारखा शब्द दिसला की मुले हमखास तिथेच घसरतात. पर्याय ‘दे’ने (they, म्हणजे ‘ते’) सुरू होत असेल तर आधी अनेकवचनी नाम हवे, ‘हाउएव्हर’ (however, म्हणजे ‘मात्र’) असेल तर अर्थ उलटा फिरायला हवा. शिक्षकांनी इंग्रजी वर्तमानपत्रातला अडीचशे शब्दांचा मजकूर घ्यावा, 5 वाक्ये काढावीत, 2 स्वतःची घालावीत (हीच खरी मेहनत!). वेळ आठ मिनिटे. शब्दकोश नंतर.

– एक इंग्रजी शिक्षक, सोलापूर