हिरड्यांतून रक्त येते म्हणून ब्रश थांबवू नका

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

दातांच्या आरोग्यावर जे काही लिहिले जाते, ते बहुधा लहान मुलांसाठी असते, नाहीतर कवळीच्या वयाला आलेल्यांसाठी. मधल्या बारा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींचा त्यात विसर पडतो आणि माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवणारी शिक्षिका म्हणून मला हे फार खटकते.

साधारण बाराव्या वर्षी दुसरी कायमची दाढ येते आणि अक्कलदाढा सोडल्या तर 28 कायमचे दात तोंडात पूर्ण होतात. नुकत्याच उगवलेल्या दाताचे इनॅमल, म्हणजे वरचे कठीण आवरण, पुरते पक्के झालेले नसते. लाळेतील कॅल्शियम आणि फॉस्फेट घेऊन ते हळूहळू कठीण होत जाते. म्हणजे ज्या काळात हे दात किडीला सहज बळी पडू शकतात, नेमक्या त्याच काळात आईवडिलांची देखरेख सुटते.

विद्यार्थ्यांकडून मी वारंवार ऐकते, की ब्रश केला की रक्त येते, म्हणून तेवढी जागा आम्ही सोडून देतो. माझी स्वतःची मुलगी चौदाव्या वर्षी हेच करत होती आणि मी मात्र ‘नीट घास’ एवढेच सांगत राहिले, याची मला आजही खंत वाटते. वयात येताना संप्रेरकांतील बदलांमुळे हिरड्या दातांवरच्या जंतूंच्या थराला अधिक तीव्र प्रतिसाद देतात, लाल होतात, सुजतात आणि जरा धक्का लागला तरी त्यांतून रक्त येते. यात दोष सहसा ब्रशचा नसून हिरडीच्या कडेला साचलेल्या थराचा असतो, त्यामुळे घासणे थांबवले की सूज वाढतच जाते. मऊ केसांचा ब्रश हिरडीच्या कडेशी तिरका धरून हलक्या हाताने रोज घासत राहिल्यास बहुतेकांचे रक्त एक-दोन आठवड्यांत थांबते. न थांबल्यास दंतवैद्यांना दाखवायलाच हवे. ही सूज पूर्ण बरी होणारी असते, पण दुर्लक्ष होऊन दाताला धरून ठेवणारे हाड एकदा झिजले, की ते आपोआप भरून येत नाही.

दुसरा प्रश्न रात्रीचा. अभ्यास आणि मोबाइल यांत झोपेची वेळ टळते आणि ब्रश राहून जातो. झोपेत लाळ फार कमी स्रवते, त्यामुळे आम्ल सौम्य करण्याचे तिचे काम मंदावते आणि खाल्लेल्या साखरेपासून आम्ल तयार करायला जंतूंना निर्वेध वाव मिळतो. तोंडातील सामू (pH; हा आकडा जितका कमी, तितके आम्ल जास्त) सुमारे 5.5 च्या खाली गेला की इनॅमलमधील खनिजे विरघळू लागतात. म्हणून गोड पेय एकदाच पिऊन संपवण्यापेक्षा ते घोटघोट तासभर पीत राहणे अधिक घातक. फ्लोराइडयुक्त पेस्टने दोन मिनिटे घासून फेस थुंकावा आणि लगेच पाण्याने खळखळून चूळ भरू नये, म्हणजे फ्लोराइड दातांवर टिकते, ही साधी गोष्टही अनेक घरांत ठाऊक नसते.

या वयाला ‘पुढे दात पडतील’ ही भीती लागू पडत नाही, असा माझा अनुभव आहे. दातांवरचा थर रंगवून दाखवणाऱ्या गोळ्या मी एका तासाला वर्गात वापरल्या, तेव्हा आरशात तो रंग पाहून मुले स्वतःच ब्रशबद्दल विचारू लागली. तोंडाचा वास, हसताना दिसणारे दात आणि दातांना लावलेल्या तारांभोवती अडकणारे अन्न हे त्यांचे खरे प्रश्न आहेत, परंतु संकोचामुळे ते कोणाला विचारता येत नाहीत. तंबाखूविषयीही धाक न दाखवता त्यांच्याशी मोकळेपणाने बोलायला हवे.

यासाठी आपल्या वृत्तपत्रात महिन्यातून एकदा, मुलांनी नाव न देता पाठवलेल्या प्रश्नांना दंतवैद्य उत्तरे देतील असे छोटे सदर सुरू करावे, अशी माझी विनंती आहे. माझ्या वर्गातील प्रश्नांची पेटी मी पहिल्या अंकासाठी आनंदाने पाठवीन.

आपली नम्र,
एक माध्यमिक शिक्षिका