आमची नावे कुठल्या वहीत आहेत? आरोग्यमंत्र्यांना एका जीडीएचे (जनरल ड्युटी असिस्टंटचे) खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, सार्वजनिक आरोग्य,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

सप्रेम नमस्कार.

गेल्या दिवाळीनंतर मी एका घरी नाइट ड्युटीला होते. आजोबा निवृत्त शिक्षक, उजवे अंग गेलेले, बोलणे अर्धेमुर्धे. त्यांची मुलगी न्यू जर्सीहून आली होती. पहिल्याच रात्री तिने माझे आधार कार्ड पाहिले, घरोघरी माणसे पुरवणाऱ्या ब्युरोची चिठ्ठी पाहिली आणि अगदी सौम्यपणे विचारले, "ताई, तुमचं नाव कुठे तपासायचं?"

मला वाटले पोलीस व्हेरिफिकेशनचे विचारतेय. म्हटले, झेरॉक्स ब्युरोवाल्यांकडे आहे. ती म्हणाली, तसे नाही. तिच्या सासूबाई तिकडे नर्सिंग होममध्ये होत्या, तेव्हा त्यांचे अंग पुसायला येणाऱ्या बाईचे नाव तिने राज्याच्या वेबसाइटवर टाकून बघितले होते. तिकडे १९८७ च्या कायद्यापासून नर्सिंग होममधल्या सहायकाला किमान ७५ तासांचे प्रशिक्षण लागते. त्यातले पहिले १६ तास झाल्याशिवाय पेशंटला हात लावता येत नाही. मग परीक्षा, आणि मग राज्याच्या नोंदवहीत नाव. कुणी पेशंटला मारल्याचे किंवा त्याची वस्तू चोरल्याचे सिद्ध झाले, तर तेही त्याच वहीत लिहिले जाते आणि कामावर घेण्याआधी मालकाला ती वही बघावीच लागते.

मी तिला माझे प्रमाणपत्र दाखवले. तिने ते दोन्ही बाजूंनी पाहिले आणि परत दिले. आताच्या प्रमाणपत्रांवर क्यूआर कोड असतो, म्हणजे कागद खरा की खोटा ते कळेल. पण त्यानंतर मी कुठे काम केले, कुणी मला काढून टाकले का, कशासाठी काढले, हे तिला कोण सांगणार होते? तिचा प्रश्न मला अपमानाचा वाटला नाही. आपल्या बापाला रात्रभर ज्या बाईच्या हाती सोपवायचे, तिच्याबद्दल मीही हेच विचारले असते.

मी जनरल ड्युटी असिस्टंट आहे, म्हणजे नर्सच्या हाताखाली पेशंटची शुश्रूषा करणारी सहायक. कागदोपत्री जीडीए. वॉर्डात स्टाफ नर्सला सिस्टर म्हणतात, आयाबाईंना मावशी, वॉर्डबॉयला मामा. आम्हाला नाव नाही. गणवेश बघून पेशंट सिस्टर म्हणतात आणि ते ऐकायला बरे वाटते, खोटे कशाला सांगू. पण मी सिस्टर नाही.

कोर्स केला २०१७ साली, पंतप्रधान कौशल्य विकास योजनेतून. फी नव्हती म्हणून केला. बारावीनंतर नर्सिंगच्या कोर्सपैकी एएनएमला दोन वर्षे लागतात, जीएनएमला तीन, बीएस्सीला चार. घरात तेवढा दम नव्हता, तीन महिन्यांपुरता होता. आमचा वर्ग तालुक्याच्या गावी हार्डवेअरच्या दुकानावरच्या मजल्यावर भरायचा. तिथे एक पलंग आणि एक पुतळा. पुतळ्याला आम्ही अण्णा म्हणायचो. तीस मुलींनी अण्णांना आळीपाळीने स्पंजिंग केले, कूस बदलली, बेडपॅन दिले. अण्णा कधी कण्हले नाहीत, लाजले नाहीत आणि त्यांचे वजन फार तर आठ किलो. खऱ्या माणसाचे वजन काय असते आणि त्याची लाज काय असते, हे हॉस्पिटलात गेल्यावर कळले.

तरी कोर्सला मी नावे ठेवणार नाही. शिकवणाऱ्या बाई सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या, हाडाच्या नर्स. लकव्याच्या माणसाला सदरा घालताना आधी लुळा हात घालायचा, काढताना आधी चांगला हात काढायचा. युरोबॅग, म्हणजे लघवीची पिशवी, पलंगाच्या खाली लटकवायची, पण फरशीला टेकू द्यायची नाही. नळीतून फीड दिल्यावर माणसाला लगेच आडवे करायचे नाही. आणि श्वास मोजतोय हे पेशंटला कळू द्यायचे नाही. नाडी मोजून झाली तरी मनगट तसेच धरून ठेवायचे आणि नजर छातीकडे न्यायची. कळले की माणूस वेगळाच श्वास घ्यायला लागतो. ही युक्ती मी आजही रोज वापरते.

परीक्षेला बाहेरून असेसर आले. त्यांनी हात धुण्याच्या पायऱ्या करून घेतल्या, कचऱ्याचे रंग विचारले. मळलेला कापूस पिवळ्या पिशवीत, कॅथेटर लाल, सुई पांढऱ्या डब्यात, काचेची बाटली निळ्यात. मी पास झाले. हेल्थकेअर सेक्टर स्किल कौन्सिलचे प्रमाणपत्र, चौथा स्तर. स्तर म्हणजे काय ते घरी कुणालाच कळले नाही, आईने ते देवघराच्या शेजारी लावले.

आता त्या आजोबांकडे परत येते, कारण मला जे सांगायचे आहे ते त्यांच्या पाठीवर होते. रात्री दोनला कूस बदलायची वेळ. खालची आडवी चादर धरून त्यांना माझ्याकडे ओढले, पाठीला उशी दिली, कंदिलासारखा मंद मोबाइलचा उजेड धरून पाठ बघितली. माकडहाडावर रुपयाएवढी लाली होती. बोटाने दाबली. दाबल्यावर जागा पांढरी पडून पुन्हा लाल झाली, तर अजून वेळ असतो. लाल ती लालच राहिली, तर आतून जखम सुरू झालेली असते. ती लालच राहिली.

दिवसाच्या ड्युटीला ब्युरोने जी बाई पाठवली होती, ती महिन्याभरापूर्वी साडीच्या दुकानात होती. मनाने चांगली, आजोबांना वेळेवर भरवायची, त्यांच्याशी गप्पा मारायची. पण माणसाला दर दोन तासांनी वळवायचे असते हे तिला कुणी सांगितलेच नव्हते. तिने त्यांना दिवसभर उताणे ठेवून खाली हवेची रबरी रिंग दिली होती, आणि लाल जागेवर तेल चोळले होते. रिंगने कडेचा रक्तपुरवठा दबतो, चोळल्याने आतले मांस आणखी दुखावते. हे मुलीला पटवायला मला अर्धा तास लागला, कारण आपल्याकडे प्रत्येक दुखण्यावर तेल हाच पहिला उपाय. मग भिंतीवर कागद चिकटवला. दोन वाजता डावी कूस, चार वाजता उजवी, सहाला परत डावी, कूस म्हणजे पूर्ण आडवे नाही, जेमतेम तीस अंश कललेले. दिवसाच्या बाईला समोर उभे करून दाखवले. पाच-सहा दिवसांत लाली उतरली. डॉक्टरांना बोलवायची वेळ आली नाही, म्हणून ही गोष्ट कुठल्याही फाइलमध्ये नाही.

त्या बाईचा आणि माझा गणवेश एकच, फिकट निळा. ब्युरो घरच्यांकडून एकीमागे दिवसाचे ९०० रुपये घेई आणि आम्हा दोघींना प्रत्येकी ६०० देई. घरच्यांना फरक कळायचा काही मार्गच नव्हता.

मुंबईच्या केईएम रुग्णालयात तिथल्याच परिचारिका अरुणा शानबाग नोव्हेंबर १९७३ पासून मे २०१५ पर्यंत अंथरुणाला खिळून होत्या. तोवरच्या वर्षांत त्यांना बेडसोअर, म्हणजे पडून पडून होणारी जखम, होऊ दिला नाही, याचा उल्लेख सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ च्या निकालपत्रात आला आणि न्यायालयाने तिथल्या परिचारिकांचे कौतुक केले. तो निकाल इच्छामरणासाठी गाजला. आमच्या बाईंनी वर्गात आम्हाला त्यातली फक्त बेडसोअरची गोष्ट सांगितली. आम्हाला तेवढीच पुरे होती.

दुसरी गोष्ट माझ्या चुकीची आहे. एका खासगी हॉस्पिटलात मी ११,००० रुपयांवर होते. रात्री चोवीस बेडला एक सिस्टर. शेजारच्या वॉर्डात कुणाचे तरी हृदय बंद पडले, ती तिकडे धावली. जाता जाता माझ्या हातात सिरिंज देऊन म्हणाली, "बारा नंबरला दे, हळूहळू पुश कर." शिरेतून इंजेक्शन देणे हे माझे काम नाही. ते मला शिकवलेले नाही आणि मी करायचे नाही, हे मात्र नीट शिकवले होते. मी दिले. पेशंटला काही झाले नाही. सकाळपर्यंत मी दर दहा मिनिटांनी बारा नंबरचे मनगट धरून श्वास मोजत बसले. पुढच्या वेळी मी नकार दिला, तेव्हा इनचार्ज म्हणाल्या, "मग तू आहेस कशाला?"

त्यांचा राग मला कळतो. सिस्टरचे नाव महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलमध्ये असते, चूक झाली तर रजिस्ट्रेशन जाते, आणि एवढ्या बेडना एकटी पुरणार कशी? पण मी कशाला आहे आणि कशाला नाही, हे त्या वॉर्डात कुठे लिहिलेलेच नव्हते. मग ज्याला जी गरज, ते माझे काम. त्याच हॉस्पिटलात मला कुणाची तरी सुई टोचली. जैववैद्यकीय कचरा नियम २०१६ प्रमाणे हिपॅटायटिस बी ची लस हॉस्पिटलने द्यायची असते. मी तिन्ही डोस, आज एक, महिन्याने दुसरा, सहाव्या महिन्यात तिसरा, माझ्या पगारातून घेतले. असो.

महोदय, आमचे कुणाकडे गाऱ्हाणे मांडायचे तेही ठरलेले नाही. आमचा कोर्स कौशल्य विकास विभागाचा. नर्सिंग कौन्सिल वैद्यकीय शिक्षण विभागाकडे. २०२१ मध्ये केंद्राने संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी आयोगाचा कायदा केला, तेव्हा आमच्या बॅचच्या ग्रुपवर दोन दिवस आनंद होता. मग एकीने वाचून सांगितले की त्यात पदविका किमान २००० तासांची लागते. तीन महिन्यांवाल्यांनी दारातूनच परत फिरायचे. आपल्याकडे मी येते ते एका कारणाने. खासगी रुग्णालये ज्या कायद्याखाली नोंदली जातात, तो १९४९ चा महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी कायदा आपल्या विभागाचा आहे. २०२१ मध्ये त्याच्या नियमांत सुधारणा केली आणि रुग्णहक्कांची सनद भिंतीवर लागली. म्हणजे मनात आणले तर होते.

माझे मागणे एकच. राज्यात आमची एक नोंदवही करा, कुणालाही मोबाइलवर बघता येईल अशी. तीत नाव, प्रशिक्षण कुठले, परीक्षा कधी दिली, एवढे असावे. माझ्याविरुद्धची तक्रार सिद्ध झाली तर तीही असावी, मला त्याचे भय नाही. रुग्णालयाने पेशंटच्या अंगाला हात लावायला ठेवलेली माणसे त्या वहीतलीच असावीत, आणि छातीवरच्या बिल्ल्यावर 'सहायक' असे स्पष्ट लिहिलेले असावे. आमची कामे कुठली, कुठली नाहीत, ती यादी नर्सिंग स्टेशनला लावा. ब्युरो म्हणजे रुग्णालय नव्हे, त्यांच्यासाठी वेगळा नियम लागेल, पण तो लवकर लागेल, कारण घरात पेशंट एकटा असतो आणि बघायला राउंडवर कुणी येत नाही.

एक विनंती याच्यासोबत, आणि ही विसरू नये. वही झाली की पहिला फटका बसेल तो वर्षानुवर्षे आयाचे काम करणाऱ्या मावश्यांना, ज्यांच्याकडे कसलाच कागद नाही. त्यांना बाहेर काढू नका, त्यांची परीक्षा घ्या. अनुभवावर परीक्षा घेऊन प्रमाणपत्र द्यायची आरपीएलची सोय कौशल्य योजनेत आहे. माझ्या पहिल्या नोकरीत एक आजी पहाटे गेल्या. मी पलंगाशी नुसती उभी राहिले, कोर्समध्ये हा धडा अण्णांवर झाला होता, पण हात चालेनात. वॉर्डातल्या मावशी आल्या. चौथी शिकलेल्या. त्यांनी पापण्या मिटवून धरल्या, हनुवटीला पट्टी बांधली, नळ्या सिस्टरने काढल्यावर अंग पुसले, आणि वळवायच्या आधी त्या आजींना म्हणाल्या, "आजी, कूस बदलते हं." मेलेल्या माणसाला. मी तेव्हापासून प्रत्येकाला सांगून कूस बदलते, शुद्धीत असो नसो. त्या मावशींचे नाव पहिल्या पानावर असायला हवे.

आजोबांची मुलगी डिसेंबरात परत गेली. जाताना म्हणाली, तशी वही निघाली तर लिंक पाठवा. तिचा नंबर माझ्याकडे आहे.

हे पत्र वाचून आपल्या कार्यालयातून कुणाला बोलायचे असेल तर माझी सध्या नाइट चालू आहे, रात्री आठ ते सकाळी आठ. दुपारी दोननंतर मी उठलेली असते. ड्युटीवर फोन उचलता येत नाही.

आपली,
एक जनरल ड्युटी असिस्टंट