चाळणीबद्दल, परळहून

परळ, मुंबई
रविवार, संध्याकाळ

प्रिय बाळ्या,
सप्रेम नमस्कार.

तुझी चाळणी अजून चालते आहे, हे तुला ठाऊक नसेल. कलिन्याला एमेस्सीच्या दुसऱ्या वर्षाला असताना, २०१२ च्या पावसाळ्यात, लायब्ररी बंद होईपर्यंत बसून तू तो प्रोग्राम लिहिलास. तोच मी इथे नोकरीला लागल्यावर पेनड्राइव्हवरून लॅबच्या सर्व्हरवर उतरवला. तेव्हापासून आमच्याकडे आलेला प्रत्येक विद्यार्थी सिक्वेन्सिंगचा, म्हणजे यंत्रानं वाचलेल्या डीएनएचा, डेटा आधी चाळणीतून काढतो आणि मगच पुढच्या कामाला लागतो. कोणी तुझं नाव घेत नाही, कारण कोणाला ते माहीतच नाही. पेपरात लिहितात, 'घरच्या स्क्रिप्टनं गाळून घेतलं.' गेले चार महिने मी या एका गोष्टीच्या मागे आहे. फोनवर सगळं नीट सांगता आलं नसतं, म्हणून पत्र लिहितोय. तुझ्याकडून मला दोन गोष्टी हव्या आहेत, त्या शेवटी मागतो.

जूनमध्ये आमचा जुना सर्व्हर अखेर बंद केला. त्यावर सेंटओएस ६ हे जुनं लिनक्स होतं. त्याचे अपडेट २०२० च्या नोव्हेंबरातच संपले होते, तरी 'चालतंय ना, मग हात लावू नका' म्हणत आम्ही ते ओढलं. पावसात दोन डिस्क गेल्या आणि विषय संपला. नव्या मशीनवर डेबियन १२ हे दुसरं लिनक्स टाकलं. चाळणी चालवायला गेलो तर तू जिच्यात ती लिहिलीस ती भाषा, पायथन २, तिथे नाहीच. पायथन २ चा आधार १ जानेवारी २०२० ला थांबला, आणि डेबियन १२ मधून ते काढूनच टाकलंय. मग मी सगळे करतात तेच केलं. तुझा कोड 'टू-टू-थ्री' नावाच्या रूपांतर करणाऱ्या प्रोग्राममधून काढला, प्रिंटचे कंस नीट केले, चालवून पाहिला. चालला. एक चूक दाखवली नाही, एक इशारा दिला नाही.

आमच्याकडची एक पीएचडीची मुलगी मात्र सावध आहे. तिनं जुन्या सर्व्हरवरचा आपला निकाल जपून ठेवला होता. तीच फाइल, तेच पर्याय, तोच प्रोग्राम, पण नव्या मशीनवर काही हजार रीड, म्हणजे डीएनएचे वाचलेले तुकडे, जास्त पास झाले होते. तिनं दोन्ही आकडे कागदावर शेजारी शेजारी लिहून माझ्या टेबलावर ठेवले आणि म्हणाली, "सर, यातला कोणता खरा?"

दोन रात्री गेल्या. मिळालं ते एका ओळीत. तू प्रत्येक रीडमधल्या एकेका बेसच्या, म्हणजे डीएनएच्या अक्षराच्या, क्वालिटीच्या गुणांची बेरीज करून लांबीनं भागतोस आणि सरासरी २० पेक्षा जास्त असेल तरच रीड ठेवतोस. पायथन २ मध्ये पूर्णांकाला पूर्णांकानं भागलं की अपूर्णांक गळून पडतो. १०० बेसचा रीड, क्वालिटीची बेरीज २०५०. सरासरी खरी २०.५, पण पायथन २ ला दिसते २०. वीस हे विसापेक्षा जास्त नाही, म्हणून रीड बाहेर. पायथन ३ मध्ये तोच भागाकार २०.५ देतो आणि रीड आत येतो. म्हणजे २० आणि २१ च्या मधले सगळे रीड जुन्या मशीननं फेकले आणि नव्यानं ठेवले. तू 'जास्त' ऐवजी 'जास्त किंवा तितकंच' लिहिलं असतंस तर दोन्हीकडे निकाल एकच आला असता, करून बघ. टू-टू-थ्री भागाकाराच्या चिन्हाला हात लावत नाही. तो बदल मीच डोळ्यांनी पकडायला हवा होता आणि मी पकडला नाही. हे तुला स्पष्ट सांगितलं पाहिजे.

त्यानंतर मी ठरवलं की चाळणी अशी फोल्डरमधून फोल्डरमध्ये फिरता कामा नये. तिचं पॅकेज, म्हणजे एका आज्ञेत बसवता येईल असा संच, झालं पाहिजे, डेबियनमध्येही आणि बायोकोंडा या जीवशास्त्राच्या प्रोग्रामांच्या संग्रहातही.

तू म्हणशील, टार फाइल ठेव, लोक उतरवून घेतील. बाळ्या, बारा वर्षं तेच केलं. एका क्लस्टरवर, म्हणजे अनेकांनी मिळून वापरायच्या मोठ्या संगणकावर, ती 'इल्लिगल इन्स्ट्रक्शन' म्हणून मरते, कारण दुबार आलेले रीड शोधणारा जो भाग तू सी भाषेत लिहिलास त्याच्या मेकफाइलमध्ये, म्हणजे कंपाइल करायच्या सूचनांत, 'मार्च इक्वल नेटिव्ह' आहे. ज्या प्रोसेसरवर कंपाइल केलं त्याच्या सगळ्या खास सूचना त्यात उतरतात आणि जुन्या प्रोसेसरला त्या कळत नाहीत. दुसरीकडे कोणी कंपाइल केलेली फाइल नुसती कॉपी करून नेतो आणि जीलिबसी या लिनक्सच्या मूळ लायब्ररीचं व्हर्जन सापडत नाही म्हणून अडतो. सेंटओएस ७ मध्ये जीलिबसी २.१७ होतं, त्यापुढच्यावर बांधलेलं तिथे चालेलच असं नाही. तिसऱ्याला कळत नाही की कुठली चाळणी खरी, कारण मधल्या काळात दोन विद्यार्थ्यांनी आपापल्या परीनं सुधारून ठेवली आहे आणि तिन्हींवर व्हर्जन एकच: १.०.

डेबियनमध्ये हे काम करणारा डेबियन मेड हा गट २००२ मध्ये आंद्रेयास टिले यांनी सुरू केला. ते मूळचे भौतिकशास्त्राचे, आणि २०२४ मध्ये सगळ्या डेबियन प्रकल्पाचे प्रमुख म्हणून निवडून आले. जीवशास्त्राची आणि वैद्यकाची साधनं नेहमीच्या लिनक्समध्येच, एका आज्ञेत बसावीत, एवढाच हट्ट त्यांनी इतकी वर्षं धरला. तिथल्या पद्धतीनं पॅकेज करायला बसल्यावर कळतं की हे डबाबंद करण्याचं काम नाहीये, दुसऱ्याचा प्रोग्राम ओळीनं वाचायचं काम आहे. 'कंट्रोल' फाइलमध्ये तो कशाकशावर उभा आहे ते लिहायचं. 'कॉपीराइट' फाइलमध्ये प्रत्येक फाइल कोणाची आणि कुठल्या परवान्यावर, ते लिहायचं. मग रिकाम्या, नेट नसलेल्या खोलीसारख्या वातावरणात तो बांधायचा. तिथे फक्त तू सांगितलेल्याच गोष्टी असतात, त्यामुळे विसरलेली लायब्ररी लगेच उघडी पडते.

तुझ्या फोल्डरमध्ये झेडलिबची, म्हणजे फाइल दाबून लहान करणाऱ्या लायब्ररीची, एक अख्खी प्रत निघाली, व्हर्जन १.२.५. तेव्हा कलिन्याच्या मशीनवर ती नव्हती म्हणून तू आत ठेवलीस, आठवतंय मला. पण २०२२ मध्ये झेडलिबमधल्या सुरक्षेच्या दोन गंभीर चुका दुरुस्त झाल्या, मार्चमध्ये १.२.१२ आणि ऑक्टोबरमध्ये १.२.१३. डेबियनची झेडलिब दुरुस्त झाली की तिच्यावर उभे असलेले सगळे प्रोग्राम आपोआप दुरुस्त होतात. तुझ्या फोल्डरातली प्रत मात्र तशीच राहिली. ती मी काढली आणि सिस्टिमची जोडली. मेकफाइलमधलं ते 'मार्च इक्वल नेटिव्ह'ही काढलं. तुझ्या 'फिल्टर डॉट पीवाय' चं नाव बदलून 'चाळणी-फिल्टर' केलं, कारण सगळ्यांच्या वापरातल्या फोल्डरमध्ये 'फिल्टर' हे नाव एकट्यानं अडवून बसणं बरं नाही. शेवटचं 'डॉट पीवाय'ही गेलं, आज्ञेच्या नावात भाषा दिसू नये असा तिथला नियम आहे. उद्या तू तोच भाग रस्टसारख्या दुसऱ्या भाषेत लिहिलास तरी लोकांच्या स्क्रिप्ट मोडणार नाहीत.

बायोकोंडाचा रस्ता निराळा. तिथे रेसिपी एका छोट्या फाइलमध्ये मावते: सोर्स कुठे आहे, फाइल तीच आहे हे पटवणारा तिचा शा-२५६ आकडा काय, काय काय लागतं, आणि बांधून झाल्यावर चालतं हे तपासणारी निदान एक आज्ञा. २०१५ मध्ये सुरू झालेला प्रकल्प. २०१८ मध्ये त्याचा पेपर 'नेचर मेथड्स'मध्ये आला तेव्हाच तीन हजारांच्या वर पॅकेजेस होती. ज्यांना क्लस्टरवर रूट, म्हणजे मालकाचे अधिकार, मिळत नाहीत, म्हणजे आपल्यासारखे बहुतेक, त्यांच्यासाठी हाच रस्ता. आपल्या होम फोल्डरमध्ये टाका, दोन व्हर्जन शेजारी शेजारी ठेवा. वर त्याच रेसिपीतून कंटेनरही, म्हणजे लागणाऱ्या सगळ्या गोष्टींसकट बंद केलेला डबाही, तयार होतो. काही जण म्हणतात, मग डेबियनची यातायात कशाला? माझं मत वेगळं आहे. कोंडा मला आज दुपारी चालणारी चाळणी देतं. डेबियन मला प्रत्येक ओळीचा हिशेब विचारतं. झेडलिबची जुनी प्रत आणि परवान्याचा घोळ त्या विचारपुशीतच सापडला.

मी रोज परळ स्टेशनवरून आचार्य दोंदे मार्गानं चालत येतो, हाफकिन संस्थेच्या फाटकावरून. प्लेगच्या लसीची प्रयोगशाळा १८९९ मध्ये तिथल्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये आली. ऑक्टोबर १९०२ मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावी लस टोचलेल्या १०७ जणांपैकी १९ जण धनुर्वातानं गेले. त्या एकोणीसही जणांना एकाच बाटलीतली लस मिळाली होती आणि त्या बाटलीवर क्रमांक होता, ५३-एन. दोष ती लस काढणाऱ्या हाफकिन या शास्त्रज्ञावर आणि परळच्या प्रयोगशाळेवर आला. पुढे पुरावा तपासला गेला तेव्हा दिसलं की बाटली गावात उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक केला नव्हता. १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी लंडनच्या 'टाइम्स'मधून हाफकिनची बाजू मांडली. मी त्या बाटलीचा फार विचार करतो. तिच्यावर आकडा होता म्हणून 'हीच बाटली, बाकीच्या नाहीत' एवढं तरी म्हणता आलं. आमच्या त्या मुलीच्या दोन आकड्यांवर काहीच लिहिलेलं नव्हतं. दोन्ही 'चाळणी १.०'.

आता मागणं. पहिलं, परवाना. तुझ्या रीडमीच्या शेवटी एकच ओळ आहे: फक्त शैक्षणिक वापरासाठी. तेव्हा आपण सगळेच तसं लिहायचो, त्यात वाईट हेतू नव्हता. पण डेबियनच्या १९९७ च्या तत्त्वांत कुठल्याही क्षेत्राशी भेदभाव चालत नाही, म्हणून अशा ओळीनं चाळणी मुख्य भागात जाऊच शकत नाही. डीएनएच्या ओळी एकाखाली एक जुळवणारं क्लस्टल इतकं जगभर वापरात होतं, तेही २०१० मध्ये एलजीपीएल या खुल्या परवान्यावर येईपर्यंत याच कारणानं बाहेर होतं. शिवाय विचार कर, आमच्या शेजारच्या रुग्णालयात कॅन्सरचे नमुने तपासणाऱ्या खासगी लॅबनं ती वापरली तर तुला वाईट वाटेल का? एमआयटी, बीएसडी, जीपीएल, या खुल्या परवान्यांतला तुला पटेल तो निवड. मी तुझ्या वतीनं निवडू शकत नाही. कोड तुझा आहे.

दुसरं, ते 'जास्त'चं चिन्ह. विसाच्या वरचे म्हणजे तुझ्या मनात २०.५ आत होते की बाहेर? क्यू २०, म्हणजे क्वालिटी २०, म्हणजे शंभरात एक चूक, एवढं मला कळतं. पण तू ती रेघ नेमकी कुठे ओढली होतीस ते तूच सांगू शकतोस. मी एका अक्षराची दुरुस्ती लावून जुना निकाल परत आणू शकतो, किंवा नवाच बरोबर म्हणून पुढे जाऊ शकतो. पण न विचारता करणार नाही. २००६ मध्ये डेबियनच्याच एका पॅकेज करणाऱ्यानं ओपनएसएसएल या गुप्त किल्ल्या बनवणाऱ्या लायब्ररीतल्या दोन ओळी, इशारा देतात म्हणून, बंद केल्या. २००८ च्या मे महिन्यात उघड झालं की मधल्या काळात बनलेल्या किल्ल्या अंदाजानं सापडतील इतक्या थोड्या होत्या. त्यानंही भल्यासाठीच केलं होतं. दुसऱ्याच्या कोडातली ओळ बदलताना मला ती गोष्ट आठवते.

तू काहीही ठरव, मी व्हर्जन १.१ काढून चेंजलॉगमध्ये, म्हणजे बदलांच्या नोंदवहीत, दोन्ही वागणुकी लिहीन, आणि त्या मुलीच्या फाइलमधले पन्नास रीड तपासणीसाठी पॅकेजमध्ये ठेवीन. १९.९, २०, २०.५, २१, सगळे त्यात आहेत. यापुढे कुठल्याही मशीनवर निकाल बदलला तर बांधतानाच कळेल. ती तिच्या प्रबंधात आता 'घरची स्क्रिप्ट' लिहिणार नाही, तुझं नाव आणि व्हर्जन लिहिणार आहे. मला तिनं विचारलं, सर त्यांच्या नावाचं स्पेलिंग काय. मी सांगितलं.

वहिनींना नमस्कार, छोटीला आशीर्वाद. दिवाळीत दादरला येणार असशील तर एक दुपार माझ्यासाठी ठेव. लॅपटॉप घेऊन येईन, तुझ्यासमोर पॅकेज बांधून दाखवीन. तोवर परवान्याची एक ओळ आणि त्या चिन्हाचं उत्तर तेवढं पाठव.

तुझाच,
भाऊ