टोपलीची तहबाजारी घेता, मग सावलीही द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वर्षअखेरच्या सुट्टीत मराठवाड्यात कुठं फिरावं, याची यादी दर डिसेंबरात कुठल्या ना कुठल्या पुरवणीत येतेच. वेरूळ, अजिंठा, तुळजापूर, नळदुर्ग, औंढा नागनाथ. लातूरकडं यायचं असेल तर उदगीरचा किल्ला आणि खरोशाची लेणी. या यादीत आठवडी बाजार मात्र मी कधी वाचला नाही. माझं माहेर लातूर जिल्ह्यातलं आणि संसार पुण्यात. यंदा सुट्टीला आलेल्या आमच्या पाहुण्यांना लेण्यांपेक्षा बाजारच जास्त आवडला, म्हणून हे पत्र लिहायचं ठरवलं होतं. लिहायला बसल्यावर मात्र कौतुक बाजूला राहिलं आणि दुसरंच सांगावंसं वाटलं.

गावाचं नाव मुद्दाम देत नाही. दिलं तर तिथल्या एकट्या सरपंचावर खापर फुटेल आणि आजूबाजूच्या दहा बाजारगावांचे कारभारी सुटल्यासारखं हसतील. बाजार रविवारचा, आणि नेमका येळवसेच्या, म्हणजे वेळ अमावस्येच्या तोंडावरचा. वेळ अमावस्या म्हणजे काय हे लातूर, धाराशिव, नांदेडकडच्या वाचकांना सांगायला नको, पण आपला पेपर पुण्या-मुंबईतही वाचला जातो म्हणून दोन ओळी. मार्गशीर्ष अमावस्येला आमच्याकडं घरं ओस पडतात आणि शिवारं भरतात. रानात कडब्याची कोप करायची, तिच्यात पांडवांची पूजा मांडायची, आणि भज्जी (शेंगा-पालेभाज्यांची मिसळ भाजी), अंबील, उंडे, खीर असं जेवण आल्या-गेल्याला बोलावून वाढायचं. लातूर जिल्ह्यात त्या दिवशी स्थानिक सुट्टी असते.

तर या सणाआधीचा बाजार पाहावा. भज्जीला लागतं ते सगळं एका जागी: तुरीच्या ओल्या शेंगा, हरभऱ्याचे डहाळे, वाटाणा, वालाच्या शेंगा, गाजरं, मेथी, कांद्याची पात, चुका, बोरं, चिंच. शेंगा मापट्यानं, बोरं वाट्यानं, डहाळ्याची पेंढी नगावर. अंबिलासाठी नवी मडकी घेऊन कुंभार बसलेले, आणि बाया मडक्यावर टिचकी मारून आवाज ऐकल्याशिवाय पैसे काढत नव्हत्या. एकीकडं भजी आणि जिलेबीची कढई, दुसरीकडं गोडीशेव, भत्त्याचे ढीग. कोथिंबिरीच्या रांगेत शिरलं की नाक आपोआप वर जातं. लातूरच्या कास्ती कोथिंबिरीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच सुमारास पानचिंचोलीच्या चिंचेला आणि बोरसुरीच्या तूरडाळीलाही. चिंचेचे गोळे घेऊन बसलेल्या एका आजीला मी विचारलं, ही पानचिंचोलीची का? आजी म्हणाल्या, "चिंच हाय बघ माय, आंबट हाय. घ्यायची तं घे." मानांकनाचा कागद अजून त्यांच्या पोत्यापर्यंत पोचायचा आहे.

हे सगळं पाहून पाहुणे खूश. त्यांच्यातल्या एका गृहस्थांनी पाच रुपयांसाठी बोरवालीशी दहा मिनिटं हुज्जत घातली आणि नंतर गाडीत बसून गावाकडच्या साधेपणावर व्याख्यान दिलं, ते सोडून देऊ.

मला सांगायचं आहे ते बाजाराच्या मधल्या ओळींबद्दल नाही. मधल्या ओळीत पत्र्याखाली सिमेंटचे ओटे आहेत. त्यांवर बसलेले बहुतेक व्यापारी. मोंढ्यातून, म्हणजे घाऊक बाजारातून, किंवा लातूरच्या मार्केटातून पहाटे माल उचलायचा आणि आज या गावाला, उद्या त्या गावाला बाजार करायचा, असा त्यांचा धंदा. वाईट काही नाही त्यात, तेही कष्टाचंच काम आहे. त्यांचे इलेक्ट्रॉनिक काटे आहेत, काट्याला क्यूआर कोड लटकवलेले आहेत, डोक्यावर सावली आहे. स्वतःच्या रानातलं माळवं घेऊन आलेली बाई मात्र बाजाराच्या कडेला, रस्त्याच्या साइडपट्टीवर, नालीला पाठ लावून बसते. एसटी आली की टोपली आत ओढायची, गेली की पुन्हा बाहेर.

अशीच एक बाई करडईची कोवळी भाजी आणि मेथी घेऊन बसली होती. पोत्यावर जुड्या रचलेल्या, त्यांवर ओलं फडकं. शेजारी पाण्याची प्लास्टिकची बाटली. दर थोड्या वेळानं ती फडक्यावर पाणी शिंपडायची, पण स्वतः घोटभरसुद्धा घेत नव्हती. ऊन चांगलं चढलं होतं. मी म्हटलं, मावशी, प्या की थोडं. तर म्हणाली, "पेलं की जावं लागतं माय. जायचं कुठं?"

बाजारतळावर स्वच्छतागृह आहे. त्याला कुलूप आहे. किल्ली ग्रामपंचायतीच्या शिपायाकडं असते, आणि रविवारी ग्रामपंचायत बंद. बाजार रविवारी भरतो, हे त्या कुलूपवाल्याला कुणी सांगितलेलं दिसत नाही. सकाळी सातला घरून निघालेली बाई संध्याकाळी पाचपर्यंत तशीच बसते. तिच्या ओळीला अशा दहा-बारा जणी होत्या आणि सगळ्यांचं उत्तर तेच.

आता सावलीचं. पालेभाजीला सावली नसली की काय होतं, ते मी तिथंच उभी राहून पाहिलं. सकाळी मेथीची जुडी 15 रुपयांना होती. दुपारी बारानंतर पानं माना टाकायला लागली तशी ती 10 वर आली. दीडच्या सुमारास ओट्यावरचा एक व्यापारी फिरत आला, उरलेल्या जुड्यांकडं बघून एक ठोक आकडा बोलला आणि सगळ्या उचलून घेऊन गेला. त्यानं त्या आपल्या पत्र्याखाली नेल्या, बादलीत बुडवून झटकल्या, मुळं कापली आणि चार वाजता, माणसं कामावरून सुटून बाजारात येतात त्या वेळी, 15 लाच विकायला मांडल्या. मधल्या अडीच तासांत भाजीत काही फरक पडला नव्हता, फक्त ती उन्हातून सावलीत गेली होती. पिकवणारीला सावली मिळाली असती तर ते पैसे तिच्याच पिशवीत राहिले असते.

हे पैसे किरकोळ वाटतील. पण सोयाबीन मोंढ्यावर गेलं की ओलावा, काडीकचरा कापून आडत्याची पट्टी हातात येते, आणि ते पैसे खताच्या उधारीत न् सोसायटीच्या हप्त्यात घरी पोचायच्या आत संपतात. माळव्याचे पैसे तेवढे दर आठवड्याला, रोख, आणि बाईच्या हातात येतात. लेकराच्या वह्या, सासूच्या गोळ्या, गिरणीचं दळण त्यावर चालतं.

आणि ही बाई फुकट बसलेली नसते. तहबाजारी, म्हणजे बाजारात बसायची फी, भरून बसलेली असते. दहाच्या सुमारास ठेकेदाराचा पोरगा आला आणि टोपलीमागं 20 रुपये घेऊन पुढं गेला. ओट्यावरच्या मोठ्या दुकानदाराकडून किती घेतले म्हणून विचारलं, तर 50. म्हणजे क्विंटलभर माल विकणाऱ्याला 50 आणि शे-दोनशेची भाजी विकणारीला 20. पावती मागितली तर तो म्हणाला, टोपलीला पावती नसते. दराचा फलक कुठं लावलाय विचारलं, तर हसला.

कायदा पाहिला तर महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम 1958 प्रमाणे आठवडी बाजारावर फी आकारायचा अधिकार ग्रामपंचायतीला आहे. तो असावाच, गावाला उत्पन्न हवं. या वसुलीचा दरसाल हर्रास होतो, जास्त बोली लावणारा वर्षभर वसूल करतो. हर्रासाची रक्कम ग्रामपंचायतीत जमा होते, पण त्यातला रुपयाभर तरी बाजारतळावर परत येतो का, हे विचारणारं कुणी नसतं. कारण टोपलीवाल्या बाया आसपासच्या वाडी-तांड्यांवरच्या, या गावात त्यांचं मत नाही. ओट्यावरचा व्यापारी ओळखीचा, ठेकेदार तर त्याहून जवळचा.

निधी नाही, हे कारण तर चालणारच नाही. 15 व्या वित्त आयोगानं 2021 ते 2026 या काळासाठी ग्रामपंचायतींना जे अनुदान ठरवून दिलं, त्यातला 60 टक्के भाग स्वच्छता आणि पिण्याचं पाणी याच दोन कामांना बांधून दिला होता. एक नळ, आणि बाजाराच्या दिवशी उघडं राहणारं स्वच्छतागृह यासाठी वेगळ्या योजनेची वाट बघायची गरज नव्हती.

पुण्यात आमच्या भागात शनिवार-रविवारी शेतकरी बाजार भरतो. राज्य सरकारनं 2016 मध्ये फळं-भाजीपाला नियमनमुक्त केला, शेतकऱ्याला बाजार समितीबाहेर थेट विकायची मोकळीक मिळाली, आणि त्याच वर्षी संत सावता माळी यांच्या नावानं शेतकरी आठवडे बाजाराची योजनाही आली. तेव्हापासून शहरात हे बाजार रुळले. मंडप असतो, टेबलं असतात, भाव पाटीवर लिहिलेले असतात, आणि पिशवी घेऊन येणारे आम्ही स्वतःला शेतकऱ्यांचे कैवारी समजून घरी जातो. शहरातल्या गिऱ्हाइकाच्या सोयीसाठी मंडप घालता येतो, तर जिथं शेतकऱ्याचं रान कोसावर आहे, तिथं त्यालाच उन्हात बसवण्याचं कारण मला कळलेलं नाही. कायद्यानं विकायची मोकळीक दिली, बसायची जागा कोण देणार?

माझं म्हणणं फार मोठं नाही. प्रत्येक आठवडी बाजारात ओट्यांची एक ओळ स्वतःचा माल आणणाऱ्यांसाठी राखून ठेवा. शेतकरी कोण आणि व्यापारी कोण हे कसं ओळखायचं, असं कुणी विचारेल. सातबारा मागू नका, निम्म्या बायांच्या नावावर तो नसतोच. बाजारातल्या कुठल्याही चहावाल्याला विचारा, बोट दाखवून सांगेल. ओटे कमी असतील तर बांबू आणि हिरवी जाळी लावून कडेच्या ओळीवर सावली करा. येळवसेला आम्ही एका सकाळीत कडब्याची कोप उभी करतो, ग्रामपंचायतीला आठवड्यातून एका दिवसापुरती जाळी जमायला हरकत नसावी. डोक्यावर टोपली घेऊन येणारीची तहबाजारी माफ करा, किंवा निदान पावती द्या आणि दर बाजारतळावर ठळक लिहा.

आपल्या पेपरला एक विनंती. तालुक्या-तालुक्यातले बाजाराचे वार एकदा छापा. सुट्टीत फिरायला येणारी माणसं वाट वाकडी करून थांबतील, आणि आमच्या पाहुण्यांसारखी पाच रुपयांची हुज्जत घातली तरी डहाळ्याची एखादी पेंढी नक्की नेतील. जनावरांच्या बाजारासाठी हाळी हंडरगुळीला लांबलांबून माणसं येतात, तशी माळव्यासाठीही का येऊ नयेत? पण माणसं बोलवायच्या आधी कुलूप काढायला लावा, एवढंच.

पुढच्या आर्थिक वर्षाचे हर्रास मार्चपर्यंत निघतील. अटी-शर्तींचा कागद त्याआधी तयार होतो. सावली, पाणी आणि पावती या तीन अटी त्यात घालायला ग्रामपंचायतींच्या हातात अजून दोन-अडीच महिने आहेत. आपल्या तालुका वार्ताहरांनी मार्चमध्ये तो कागद मागून पाहावा आणि काय सापडलं ते छापावं.

आपली,
एक माहेरवाशीण वाचक, पुणे